पत्र्यावरच्या दोन थापा

मी, खाली सही करणारा, दिवंगत मिनीबसमालकाचा धाकटा मुलगा, वय चोवीस, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, भीती वाटते, पण ती लहानपणापासूनची असल्याने दबावात धरू नये. शाळा नववीत सुटली. शुद्धलेखन सोडले नाही, तरी कुठे चूक आढळल्यास अर्थ तोच धरावा.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे आईने विचारले. कारण असे, की उद्या सकाळी काका तुरुंगातून सुटतो. तो चढाखालच्या स्टँडवर उतरेल. दादा तिथे जुन्या मिनीबसचे लोखंडी हँडल घेऊन उभा राहणार आहे. हे त्याने जेवताना सर्वांसमोर सांगितले आणि मग भात वाढून घेतला. मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहणार आहे. दादाचा हात मी पाहिलेला आहे, म्हणून आवराआवर आजच करतो.

कलम १. मी राहतो ती पुढची खोली आईला. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला, कारण तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते. बँकेतली शिल्लक दोघींनी निम्मी निम्मी घ्यावी आणि त्यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर घराबाहेर भांडावे, घरातल्या काचा आधीच कमी उरल्या आहेत.

कलम २. पान्यांची पेटी शेजारच्या पंक्चरवाल्याला. त्यातला मोठा पाना वाकडा आहे. तो वडिलांनी काकाच्या पाठीत घातला तेव्हा वाकला. पाठीला काही झाले नाही.

कलम ३. मामाने, म्हणजे आईच्या भावाने, जो आमच्या गाड्यांवर कंडक्टर होता, शेवटपर्यंत आमच्याच घरी राहावे. तो घरात असताना दारावर लागोपाठ दोन थापा कोणीही मारू नयेत. एक मारावी किंवा तीन माराव्यात. कारण कलम ५ मध्ये दिले आहे.

कलम ४. घरामागे उभ्या असलेल्या मिनीबसविषयी.

आमच्याकडे तीन मिनीबस होत्या : म्हातारी, बहिरी आणि खुनशी. बाजारापासून चढावरच्या दवाखान्यापर्यंत त्या चालत. चालत म्हणजे, लोक उतरून ढकलत तेव्हा चालत. आता त्या मार्गावर नव्या मोठ्या गाड्या आल्या आहेत आणि जुने प्रवासी आमच्या गाड्यांची आठवण काढून हसतात. हसणाऱ्यांनी आधी आपली बोटे मोजावीत. म्हातारीच्या खिडकीची काच मनात आले की खाली यायची. शाळेतल्या एका बाईंच्या करंगळीचे टोक तिने नेले. बहिरीचे इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारी होते. तिथे बसणाऱ्याची पोटरी भाजायची आणि तो ओरडला तरी गाडी थांबायची नाही, कारण थांबली तर पुन्हा चालू होण्याची खात्री नसे. खुनशीला तर स्टार्टरच नव्हता. पुढून हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले की हाड मोडूनच थांबे. त्याने वडिलांचे मनगट कितीदा तरी मोडले. काकाचे पुढचे दात एकदाच, कारण नंतर पुढचे दात नव्हते.

हँडलचा मार बसला की वडील गाडीला लाथ मारीत. गाडीला लागायचे नाही, म्हणून मग काकाला मारीत. काका त्यांना मारी. ते दोघे भागीदार होते. एकदा काका तोंडाला रुमाल दाबून रस्त्यात बसला होता, रुमाल लाल झाला होता, आणि एका म्हाताऱ्या प्रवाशाने खिडकीतून विचारले, "अहो, गाडी सुटणार आहे का आज?"

"सुटणार ना," काका म्हणाला. "तुम्ही आधी खाली उतरा आणि ढकला."

म्हातारी आणि बहिरी भंगारात गेल्या. खुनशी माझ्या नावावर आहे, कारण दादाला तिचे फक्त हँडल हवे होते. ती मी काकाला देतो. त्याने ती विकावी, फोडावी, किंवा आत नुसते बसून राहावे.

कलम ५. हे कलम दादासाठी आहे. याआधीही मी त्याला हे सांगायला गेलो होतो. "त्या दिवशी मामाने" इथपर्यंत पोचलो आणि कानफटात बसली. पुढच्या वेळी काकाचा विषय निघताच त्याने माझ्या डोक्याशेजारची काच फोडली. मृत्युपत्राला वाक्याच्या मध्येच कानफटात मारता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

खुनशीचा हँडब्रेक कधीच लागला नाही. चढावरच्या थांब्यावर मामा उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. सायलेन्सर केव्हाच गळून पडला होता, त्यामुळे चालू इंजिनापुढे माणसाचा आवाज मागे पोचत नसे. म्हणून रीत ठरली होती. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला, की खिडकीतून हात काढून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे ठोकळा काढ. मागे वाकलेल्या मामाला ड्रायव्हर दिसत नसे. पत्र्याचा आवाज तेवढा यायचा.

त्या दिवशी पुढची फेरी कोणी मारायची यावरून वडील आणि काका थांब्यावर उतरून भांडत होते. इंजिन चालूच होते. मी मागच्या सीटवर होतो. बाजूच्या खिडकीतून मला ते दोघे दिसत होते, मागच्या काचेतून मामाची पाठ. वडिलांनी काकाचा कान चावला. काकाने वडिलांचे केस धरून त्यांचे डोके ड्रायव्हरच्या दारावर आपटले. पुन्हा आपटले. वडील घसरत दारापाशी पडले. मागे मामाने ठोकळा काढला, रोज काढायचा तसाच, आणि काखेत धरला.

ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हते. गाडी मागे घसरली आणि पुढचे चाक वडिलांच्या छातीवरून गेले. काकाने पुढचा बंपर धरून गाडी ओढायचा प्रयत्न केला. तो उतारावर तसाच फरपटत आला. त्याची नखे बंपरलाच राहिली. गाडी औषधांच्या दुकानाच्या भिंतीत घुसली तेव्हा मागची काच माझ्या तोंडावर आली.

ठोकळा काकाने लाथेने उडवला, असे कोर्टात ठरले. काकाने वडिलांचे डोके आपटले होतेच, त्यामुळे त्याने सगळेच कबूल केले, आणि मग मामाला कोणी काही विचारलेच नाही. मी खरे सांगितले तेव्हा पोलीस म्हणाले, याच्या डोक्याला मार लागला आहे. मार लागला होता, पण नंतर.

काकाने मारले हे खरे. ठार मारले हे खरे नाही. काका चांगला माणूस आहे असे माझे म्हणणे नाही. मामाचाही दोष नाही. दोन थापा ऐकून ठोकळा न काढणाऱ्या कंडक्टरला वडिलांनीच हाकलले असते.

हे लिहू का, असे मी मामाला विचारले.

"लिही," तो म्हणाला. "तो वाचेल तेव्हा मी आतच असेन. पळून कुठं जाणार, गुडघे गेलेत माझे."

कलम ६. दादाला मी काहीही देत नाही. वकिलांचा कारकून म्हणाला, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका. म्हणून दादाला साक्षीदार केले आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याने सही करू नये. तो वाचत असताना गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मामाच्या खोलीच्या दारात उभे राहावे. ते अंगाने भक्कम आहेत.

वाचूनही दादा हँडल घेऊन निघाला, तर मी स्टँडवर असेनच. मला ओलांडून जाताना त्याने डोळे उघडे ठेवावेत, एवढीच विनंती.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि पटले म्हणून सही केली.

स्थळ : आमची पुढची खोली.
तारीख : काका सुटण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.
सही : धाकटा मुलगा

साक्षीदार पहिला : गॅरेजवाला मिस्त्री. सांगितल्याप्रमाणे दारात उभा होतो. एक खुर्ची मोडली. माणसाला इजा नाही.

साक्षीदार दुसरा : थोरला भाऊ. सगळे वाचले. पाचवे कलम पुन्हा वाचले. खुर्ची मी आणून देईन. उद्या स्टँडवर मी एकटा जाणार, तू यायचे नाहीस. कागद उडू नये म्हणून हँडल यावर ठेवले आहे, ते तिथेच राहू दे. आता मामाकडे जातो. दार तीनदा वाजवीन.