रविवारी उडालेली स्प्रिंग

आई,

तू गेलीस तेव्हा मी इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला नुकताच नोकरीला लागलो होतो, त्यामुळे माझा इथला छंद तुला माहीतच नाही. चावीची जुनी मनगटी घड्याळं उघडायची, साफ करायची, तेल घालून चालू करायची. एवढा इंजिनिअर झाला तरी याची खुडबुड काही सुटली नाही, असं म्हणशील. म्हण.

इथे फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजींचं घड्याळ बंद पडलं. ते त्यांच्या नवऱ्याचं. तो वारल्यापासून त्याच घालायच्या. दुकानदार म्हणाला, "लोन्ट झिश निश्ट", म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मी मोठ्या तोऱ्यात ते मागून घेतलं आणि रविवारी दुपारी खोललं. आतली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून सुटली आणि उडाली. तशी दुसरी आता मिळत नाही. अशा वेळी व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा बांधून जमीन झाडून काढतात. पण रविवारी इथे असला आवाज चालत नाही, आणि झाला असता तर तक्रार घेऊन पहिल्या खाली आल्या असत्या त्या आजीच. त्यांना काय सांगणार होतो?

मी खुर्चीवरून उठणार, तेवढ्यात तुझं ओरडणं आठवलं. "जागचा हलू नकोस. आधी बघ, मग पाय टाक." स्वयंपाकघरात लोकांचे ब्लाउज शिवताना तुझ्या हातून सुई पडलीय. तू दिवा घालवतेस, बॅटरी फरशीला टेकवून सावकाश फिरवतेस, आणि एवढ्याशा सुईची लांबलचक सावली पडते. मी पायाखाली बघत बघत खिडकीपर्यंत गेलो, रोलाडेन, म्हणजे बाहेरचं शटर, खाली ओढून अंधार केला आणि बॅटरी फरशीला टेकवून, जमिनीला गाल लावून आडवा झालो. टेबलाच्या पायाशी सावली दिसली. त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला की तसाच पडून राहिलो.

आठवड्याभरात घड्याळ चालू झालं. आजींनी ते कानाशी धरलं, ते बराच वेळ काढलंच नाही. मग विचारलं, हे कुणाकडून शिकलात?

"आईकडून."

"आल्झो, म्हणजे तुमच्या आई घड्याळजी होत्या?"

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून सांगतो. मी "जा, गेनाऊ" म्हणालो, म्हणजे हो, अगदी बरोबर. आजी आता सगळ्या बिल्डिंगला तेच सांगतात, आणि मला ते खोटं वाटतच नाही.