उत्तरांचा तक्ता

बाबूजी, तुमचा आवाज अजून आपल्या पाणी वापर संस्थेच्या कम्प्युटरमध्ये आहे आणि या मे महिन्याच्या शेवटी, उन्हाळी धानाचं पाणी बंद झालं की, तो पुसला जाणार आहे. पुसण्याचा ठराव मीच मांडला. तो आपोआप अमलात आणणारा प्रोग्रामही मीच लिहिला. तुम्हाला हे सांगणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मी सांगते आहे.

संस्थेनं फोनची सोय केली तेव्हा तुम्ही किती कुरकुरला होतात! शेतकऱ्यानं नंबर लावून तक्रार बोलायची आणि तलावाचं गेट सांभाळणारा माणूस म्हणून तुम्ही ती ऐकून उत्तर बोलायचं. "मानूस समोर वावराच्या धुऱ्यावर दिसून राहिला, अना मी डबड्यात कायले बोलू?" असं म्हणत म्हणत तुम्ही शेवटपर्यंत त्या डबड्यात बोललात. तक्रारी एका तक्त्यात, उत्तरं दुसऱ्या तक्त्यात, दर महिन्याचा वेगळा कप्पा. तुम्ही गेल्यावरही कप्पे वाढतच राहिले. जुनं काढायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग गेल्या वर्षी संस्थेच्या निवडणुकीत एक बाई उभी राहिली आणि कुणीतरी तिची जुनी तक्रार शोधून काढली. नवरा गेला त्याच आठवड्यातली. धानाच्या रोपांचे पऱ्हे वाळत होते आणि ती फोनवर रडत साऱ्या गावाला शिव्या घालत होती. चौकात मोबाईलवर तो आवाज वाजवून लोक हसले, बाबूजी. माणसं हसली! मी आमसभेत उठले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, डाटा पडून राहिला तं राहू द्या ना, क्या बिगड़ता है?" मी म्हटलं, बिघडतं कुणाचं ते त्या बाईला विचारा. माणूस दुःखात जे बोलतो ते त्याच्या डोक्यावर जन्मभर टांगून ठेवायचा अधिकार कुठल्याही संस्थेला नाही, सरकारलाही नाही. घसा बसेपर्यंत बोलले. सात वर्षांपेक्षा जुनं काहीही ठेवायचं नाही, दर वर्षी पुढच्या बारा महिन्यांचे नवे कप्पे तयार होताना जुने आपोआप निघून जातील, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. तुमचा शेवटचा शब्दही त्या सात वर्षांच्या पलीकडचा आहे, हे टाळ्या वाजत असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आधी सगळ्याची नक्कल काढून तिच्यावर चाचणी घेतली, आणि तिथं माझी चूक झाली. मी नियम तक्रारींच्या तक्त्याला लावला, उत्तरांचा तक्ता विसरले. प्रोग्राम चालला, लोकांचे जुने प्रश्न गेले, आणि मागे फक्त तुम्ही उरलात. तपासायला म्हणून एक उत्तर उघडलं. "आलो बापा, आलो." दुसरं उघडलं. "तुया बांधीत आधी पानी जाईल, मंग बाकीच्यायले." तिसरं उघडलं. "रडू नको माय. मी गेटवरच बसून हावो. पऱ्हे वाचतेत." कुणाला म्हणालात ते मला कळलं. विचारणारी पुसली गेली होती आणि तुम्ही तिची समजूत घालत बसला होतात.

लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात गेले. आई लाखोरीची डाळ निवडत होती. तिला ऐकवलं. ती हात थांबवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "गावाले आलो आलो. मी जेवाले बलावलं तं कदी एका हाकेत आले नाही तुये बाबूजी." हसली. मग विचारलं, "हे बी जाईल का वं?" मी म्हटलं, जाईल. ती पुन्हा डाळ निवडू लागली. मी लॅपटॉप मिटला आणि तिच्यासोबत डाळ निवडायला बसले.

प्रोग्राममध्ये एक ओळ घातली की तुमचे कप्पे वगळता येतात. निवडणुकीतली ती बाईच परवा घरी येऊन म्हणाली, "ताई, माह्यं जाऊ द्या, पन गेटवाल्या काकाजीचं ठेवा. कोन नाही म्हनते?" खरंच कुणी नाही म्हणत नाही. पण मी कॉलेजात असतानाचा तो उन्हाळा मला आठवतो. आपल्या धानाच्या बांधीला भेगा पडल्या आहेत, कालव्याच्या खालच्या टोकाला पाणी चाललं आहे, आणि मी धुऱ्यावर उभी राहून तुमच्यावर ओरडते आहे की चावी तुमच्या खिशात असून आपलंच धान का मरतं. "काऊन चिल्लावून राहिलीस? चाबी आपल्या हाती हाय म्हनून तं आपली बांधी आखरी." एवढंच बोललात आणि आपल्या बांधीत पाणी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आता चावी माझ्याकडे आहे.

नियम दुरुस्त केला आहे. तक्रार आणि तिचं उत्तर एकत्रच जातील. चाचणीची नक्कलही काढून टाकली. तुम्हाला वगळणारी ओळ लिहिली नाही.

सभेत मी सांगितलं की हे काम आपोआप व्हायला हवं, म्हणजे कुणाचा हात मध्ये येणार नाही, कुणाच्या ओळखीचं वाचणार नाही. ते खरंच आहे आणि पुन्हा विचारलं तर तेच सांगेन. पण बाबूजी, हे पत्र कुठं जाणार नाही म्हणून सांगते. ते कप्पे एकेक निवडून माझ्या बोटानं पुसायचे असते, तर ते माझ्याच्यानं झालं नसतं.