फाटकं लुगडं नेस, म्हणाली

मला फाटकं लुगडं नेसायला सांगती, आये. या वयात, माझ्याच घरात, माझीच नात. पुण्यात सिनेमा शिकती आन् शिरूरला येऊन मला शिकवती. तुला जाऊन चाळीस वर्सं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून लिहिते.

परवा दुपारी तिनं लॅपटॉपवर युरोपातला सिनेमा लावला. मी लसूण सोलत बसलेली. एका हवेलीत श्रीमंतांची जेवणावळ. आधी मापात खातात, मग भांडतात, मग एकमेकांच्या तोंडाला केक फासून गालिच्यावर लोळतात. शिसारी आली मला. आन् कोपऱ्यात परमुलखातली एक काळी बाई बादली घेऊन उभी. त्यांनी सांडायचं, तिनं पुसायचं. नात म्हणाली, "आजी, श्रीमंतांची टिंगल हाय ही. बघ, सगळ्या रंगांची, सगळ्या थरांतली माणसं घेतल्यात." मी म्हटलं, "ती बादलीवाली एक शब्द तरी बोलली का गं?" "तिचं गप्प राहणंच बोलतं, आजी." "मग त्या श्रीमंतांना दोन तास बोलू कशाला दिलं? त्यांनीबी गप्प राहून बोलायचं!" पोरगी हसली, आन् हसता हसता म्हणाली, मलाबी अशीच फिल्म करायची, तू चुलीपुढं बस, बोलायचं काही न्हाई. "फक्त हे इरकल नको. फाटकं नेस. यात तू गरीब वाटत न्हाईस." घरात गॅस येऊन जमाना झाला, पण चूलबी तीच मांडणार म्हणे.

तवा मला दौंडची रेल्वे कॉलनी दिसली. तू साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासतीस, मी आठ वर्सांची, राखेचं डबडं घेऊन तुझ्याशेजारी. साहेबलोक हॉलात नाटक बसवतात, सोताचीच थट्टा करणारं. साहेबाची बाई म्हणती, नाटकात मोलकरीण हाय, खरीच घेऊ. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसाला तेल लावून येतीस. बाई तुला वरून खाली बघती. "अगं, तू मोलकरणीसारखी दिसतच नाहीस." रोज जिच्याकडून खरकटं काढून घेतलं, तिला म्हणाली हे! मग फाटकं आणायला मला घरी पिटाळलं. ते नेसून तू ट्रे घेऊन आलीस, उभी राहिलीस, गेलीस. हॉल हसला. घरी जाताना मी विचारलं, "आये, तू काहीच का न्हाई बोललीस?" तू म्हणालीस, "मला दिलं व्हतं का काही बोलायला?" आन् पुढं चालू लागलीस. ते हिरवं लुगडं पुन्हा कवा तुझ्या अंगावर दिसलं न्हाई.

नातीला लाख शिव्या घालीन, पण तुला एक सांगायचं राहून गेलंय. फाटकं लुगडं आणायला मी पळत गेले, आनंदानं. आन् तू स्टेजवर आलीस तवा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तुला ते ऐकू आलं असंल, ही भीती आजून जात न्हाई.

हे पत्र कुठं टाकणार? लुगड्यांच्या घडीत ठेवते. तू उत्तर देऊ नगंस, तू लई सोसलंस. उत्तर नातीनं द्यायचं. तिच्या फिल्ममधली म्हातारी काय बोलती, ते तिनं आधी लिहून आणायचं. मग मी इरकल नेसून बसते.