पान दोनपैकी दोन

५ जानेवारी
तिकीट आलं. आलं म्हणजे कुठं — मोबाईलमध्ये! हृषीकेश डॅलसहून म्हणतो, "आई, हेच तिकीट." हे? पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी, सोलापूर–अक्कलकोट. हातात कागद नाही तो फुकट्या, एवढंच मला ठाऊक!

६ जानेवारी
सात रस्ता चौकात रुद्रप्पांच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात जाऊन आले. म्हटलं, मला खरंखुरं कागदी तिकीट काढून द्या. हसले! "काकू, विमानाचं कागदी तिकीट बंद होऊन लई वर्सं झाली की. नंबर असला की बास." आणि ऐनवेळी मोबाईल बंद पडला तर? मग छापून दिलं. साधा पांढरा कागद. ना शिक्का, ना सही. असलं तर कुणीही छापेल.

घरी येऊन चष्मा लावला, ओळ न् ओळ वाचली. मुंबई ते डॅलस, दहा फेब्रुवारी. म्हणजे जायचं आहे. यायचं कुठंय?

७ जानेवारी
फोन केला. "परतीचं नंतर पाठवतो गं. तू ये आधी." नंतर का? आणि मधेच विचारतो, "वरच्या खोलीतले भाडेकरू कधी जाणार?"

याला काय करायचंय माझ्या भाडेकरूंशी! घर विकायचा बेत दिसतोय. आईला तिकडं डांबायचं, इकडं घर मोकळं करायचं. "ऋतुजाला दे जरा" म्हटलं. तर सूनबाई झोपल्यात. तिकडं सकाळचे दहा वाजलेत आणि झोपल्यात! परवा म्हणे ऑफिसात होत्या. दिवाळीपासून तिचा आवाज नाही ऐकला. मी यायला नको असेन तिला, दुसरं काय. दोन वर्षांपूर्वी माझ्या व्हिसासाठी हीच किती मागं लागली होती.

९ जानेवारी
शेजारच्या इंद्रायणीबाई — "एकेरी तिकीट? अगंबाई, राबायला नेतायत की तुम्हाला!" जेवण गेलं नाही.

१० जानेवारी
सांगून टाकलं. परतीचं तिकीट दिसल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. तो "बरं" म्हणाला, एवढंच.

१२ जानेवारी
आलं परतीचं. चार मे. हुश्श केलं. पण खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय — पान दोनपैकी दोन. मग पहिलं कुठं गेलं? का लपवलं? गठ्ठ्यातलं मधलंच एक तिकीट गायब असलं की कुणीतरी पैसे खाल्लेले असतात, ते मला कुणी शिकवू नये!

१५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळेना. चालतच गेले सात रस्त्याला. रुद्रप्पांनी नंबर घातला, बघितलं, आणि कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "काकू, ह्या नंबरावर दोघं हायत की. तुमी आन् हृषीकेश." म्हणजे पहिलं पान त्याचं! आणि त्याचं परत जायचं तिकीट? "ते दिसत न्हाय. पाच बॅगा टाकल्यात त्याच्या नावावर. कायमचाच येतोय का काय?"

ऋतुजाचं नाव शोधायला लावलं. दोनदा. नव्हतं.

दुकानाबाहेर पायरीवर बसले. ऋतुजा सोडून गेली असणार. दिवाळीपासून पोरगं एकटंच आहे तिकडं! फोनवर सांगायची छाती झाली नसेल. एकट्यानं आवरून निघायचा धीर नसेल, म्हणून मला बोलावतोय. आणि मी? पोटच्या पोराला चोर ठरवून त्याची तिकिटं तपासत बसले. लाज वाटली माझी मला.

१६ जानेवारी
भाडेकरूंना सांगितलं, मार्चअखेर खोली सोडा.

संध्याकाळी त्याचा फोन. "आई, तिकीट नीट बघितलंस ना?"
"बघितलं," म्हटलं. "सगळं बरोबर आहे."