अंगावरचे औषध

मार्गशीर्ष वद्य ११, मंगळवार

धुके. मागच्या दारातून एरवी नदी दिसते, आज नुसता आवाज. एकादशी, म्हणून चुलीची घाई नाही. खोकला आहेच. बापू ओटीवरून ओरडला, "अक्का, तुझ्यापुढे घाटातलं इंजिन लाजेल." हा माझा धाकटा भाऊ. कर्जतच्या स्टेशनात मालधक्क्यावर उभा जन्म काढून यंदा नोकरीतून मोकळा झाला. बायको गेली, मुलगा मुंबईस. आता दहिवलीच्या या घरात आम्ही दोघे म्हातारे. सुटलेला माणूस, पण बोलण्यात अजून इंजिनच.

माझे दुसरे तांबडे आलवण दांडीवर कालपासून ओले. एक अंगावर, एक दांडीवर, एवढाच माझा पसारा. त्यातले एक हिवाळ्यात वाळत नाही.

मार्गशीर्ष वद्य १४

खालापुराहून वैद्यबुवा आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "काढा देतो. पण खरं सांगू, छाती झाकायला हवी. गार वारा लागू देऊ नका."

मी म्हटले, पदर आहे की.

त्यांनी बापूकडे पाहिले. बापूने आढ्याकडे पाहिले. सोवळ्या विधवेने चोळी काय, शिवलेले काहीच अंगाला लावायचे नाही, हे तिघांनाही पाठ. काढा मात्र भयंकर कडू. बुवांनी सगळा राग काढ्यात काढला असावा.

पौष शु. १

घोंगडी पांघरून काम करून पाहिले. पीठ मळताना परातीत पडली. पाणी काढताना रहाटात अडकली. बापू हसला, मग त्यालाच वाईट वाटले, आणि मग त्या रागात तो घोंगडीलाच बोलला.

पौष शु. ३

राधी दूध घालायला आली. भिसेगावाहून अंधारात निघते, येईपर्यंत तांबडे फुटते. मी पदर ओढून कुडकुडत भांडे पुढे केले. ती म्हणाली, "आक्का, तुमी आशा मराल गं बाय. बापूदादांची ती लोकरीवानी बंडी हाय ना, ती घाला की."

"अगं, शिवलेलं चालत नाही आम्हाला."

"चोळी चालत नाय. बंडी काय चोळी हाय का?"

"पुरुषाची वस्तू ती."

"मंग? तिला काय ठावं, आत कोन हाय ते!"

मी तिला हाकलले. दूध मोजायचे राहिलेच. तिने आपले आपण जास्त घातले होते.

बापू दारामागे होता, त्याने ऐकले असणार. दुपारी पाहते तो त्याची फलालिनीची बंडी माझ्या दांडीवर, आलवणाशेजारी. रातपाळीसाठी शिवलेली, राखी रंगाची, कोपरापर्यंत बाह्या. तो स्वतः उपरणे गुंडाळून नदीवर निघून गेला होता. इतक्या थंडीत नदीवर त्याचे काय काम!

पौष शु. ४

घातली.

स्वैपाक झाला, देव झाले, सोवळे सोडले, मग माजघराचे दार लावून घातली. आधी उजवा हात घालावा की डावा, आठवेना. चोळी घालायचे तेव्हा आई पुढची गाठ मारून द्यायची आणि मारता मारता दटावायची, "श्वास सोड, श्वास सोड." एकोणिसाव्या वर्षी ती गाठ सुटली ती सुटलीच.

बाह्यांत हात गेले आणि खांद्यांवरून खाली ऊब उतरली. पाठीशी कोणी जवळचे माणूस येऊन बसल्यासारखे वाटले. इतके बरे वाटले की रडूच आले. वरून पदर घेतला. कोणाला दिसणार नाही असे वाटले. फक्त कोपराशी राखी कड दिसते.

बाहेर आले तर बापू पोथीत डोके घालून बसला होता. पोथी उलटी. वर न बघता म्हणाला, "औषध घेतलंस का?"

"घेतलं."

"रोज घे."

पौष शु. ७

औ. घेतले. खोकला कमी. आज खिसा सापडला.

आतल्या अंगाला, डाव्या बाजूस. हात आपोआप गेला आणि आत राहिला. साऱ्या जन्मात मला खिसा नव्हता. जे काय ते कनवटीला, नाहीतर पदराच्या गाठीला. गाठ सोडताना चारचौघांना दिसते की म्हातारीने काहीतरी बांधून आणलेय. खिशाचे तसे नाही. दोन भाजलेले चिंचोके घातले आणि दिवसभर ते तिथे आहेत एवढ्यावर मी खूष होते. अधूनमधून हात घालून बघायचे. आहेत. संध्याकाळी एक खाल्ला, एक ठेवला.

पुरुषांना हे रोज असते आणि त्यांच्या तोंडावर कधी काही दिसत नाही.

पौष शु. १०, संक्रांत

हळदीकुंकवाला बायका गल्लीतून जात होत्या, माझे त्यात काही नाही. मी मागच्या पायरीवर उन्हात. खिशात तिळगूळ. तो विरघळून अस्तराला चिकटला. बोटाने खरवडून खाल्ला, लहान पोर खाईल तसा. नदीपलीकडे कापलेली भातशेते नुसती पिवळी पडली आहेत, त्यांवर बगळे. ऊन गुडघ्यांवर आले की पाय पाण्यात सोडल्यासारखे हलके होतात. काही करावेसे वाटले नाही, काही केलेही नाही.

पौष शु. १३

दुपारी ओटीच्या कोपऱ्यात डोळा लागला. स्वप्न असे. खिशात हात घातला तो कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. आत कोणाचे तरी घर होते. आईची फणी हाती लागली. मग ओल्या भुईमुगाच्या शेंगा, माती लागलेल्या. मग निळ्या खणाचा तुकडा, तो ओढला तर संपेचना, हातभर, पुरुषभर. शेवटी एक छोटा हात लागला, घामट, चिकट. बापूचा, लहानपणचा. मी तो धरला आणि धरूनच ठेवला.

घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, त्याची शिटी झाली आणि जाग आली. बापू समोर बसून सुपारी कातरत होता. म्हटले, हात बघू तुझा. त्याने पुढे केला. केवढा खरबरीत झालाय.

पौष वद्य २

एक बंडी आणि दोन माणसे, असे किती दिवस चालणार? जो आधी उठे त्याची बंडी, म्हणून बापू कोंबड्याच्याही आधी उठू लागला, आणि उठून ती मलाच द्यायचा. आज बाजारातून दोन नव्या शिवून आणल्या, एकाच ताग्यातल्या, पांढऱ्या मांजरपाटाच्या, दोन्ही त्याच्याच मापाच्या. शिंप्याने विचारले, सारख्या दोन कशाला? हा म्हणाला, एक अंगावर, एक धुण्यात.

मांजरपाट पातळ आहे. मी म्हटले, याने थंडी कशी जायची? म्हणाला, "थंडी काय, जाईल महिन्याभरात. ही उन्हाळ्यातही चालेल." बोलून गेला आणि घाईने घड्या घालू लागला. उन्हाळ्यात औषध कसले!

माझी मला मांडीपर्यंत येते. खिसे मात्र दोन.

पौष वद्य ११

घोटाळा झाला. सकाळी बापू माझी बंडी घालून भटजींकडे गेला, वडिलांच्या श्राद्धाचे सांगायला. माघ वद्य पंचमी. बोलता बोलता अडकित्ता काढायला खिशात हात घातला आणि काढली माझी तुळशीची माळ. मधला मणी पितळी. देवळात रोज माझ्या हातात असते, आळीतले शेंबडे पोर ओळखील. पाठोपाठ चिंचोके घरंगळले.

भटजी म्हणाले, "ही अक्कांची माळ."

"हो."

"बंडीत?"

बापू म्हणतो की तेव्हा त्याला एकही थाप सुचली नाही. म्हणाला, "ती घालते. वैद्यांनी छाती झाकायला सांगितली आहे. औषध म्हणून."

भटजी बराच वेळ चिंचोके वेचत बसले. मग म्हणाले, "दुखणं आहे तोवर कोणी काही म्हणायचं नाही. आपद्धर्म आहे. बरं वाटलं की सोडतील. श्राद्धाच्या घरी सगळं रीतीनं हवं, एवढं बघा." माणूस वाईट नाही. दुखणे आहे तोवर, एवढीच मेख मारली.

वडिलांचे श्राद्ध बापूने कधी चुकवले नाही. रातपाळी करून थेट पाटावर बसायचा, पेंगत, पण बसायचा. ते माझ्या बाह्यांपायी अडायला नको. आणि बाह्या तर मला हव्यात. हे कोणाला सांगू!

माघ शु. ४

औ. घेतले. परसातल्या आंब्याला मोहोर. खोकला सकाळी दोनदा आला, अगदी कोरडा, नावापुरता. मला त्याची काळजी वाटू लागली आहे. बरे होण्याची काळजी करणारी बाई मी पहिलीच असेन.

माघ शु. १२

वैद्यबुवा आले. कानावर हात ठेवला तरी ऐकू जाईल अशी मी खोकले. दोनदा. तिसऱ्यांदा खरोखर ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, बापू पाणी घेऊन धावला. बुवांनी पाठीला कान लावला, शांतपणे.

"छाती स्वच्छ आहे, अक्का. काढा बंद."

"अजून थोडा..."

"काढा हवाय?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बंडीच्या कडेकडे. हसले नाहीत, हे चांगले केले. "काढा बंद," पुन्हा म्हणाले, "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

माझे मी काय बघू! आजवर कोणी माझे मला बघायला सांगितले नव्हते.

पौर्णिमा

आज काढून ठेवली. घडी करून फळीवर. दिवसभर हात डाव्या बाजूला जात राहिला. अंग उघडे पडल्यासारखे वाटले, आणि गंमत ही की थंडी मुळीच नव्हती. राधी म्हणाली, "आक्का, आज उतरल्याव. बरं नाय का?" मी म्हटले, बरे आहे गं, तेच तर.

संध्याकाळी पुन्हा घातली. या वेळी औषध घेतले असे लिहीत नाही. बंडी घातली.

माघ वद्य २

देवळात गोदूवहिनी भेटली. शेजारीण, जीभ धारदार, पण माझ्या दुखण्यात रोज विचारायला यायची तीच. प्रदक्षिणा घालता घालता म्हणाली, "अक्का, खोकला गेला म्हणे?"

"गेला."

"चला, सुटलात. मग हे?" आणि बोटाने माझ्या बाहीची कड उचलली, एखाद्याचे उष्टे उचलावे तशी.

मी सांगणार होते, सकाळचा वारा बाधतो. सांगणार होते, वैद्यबुवांनी महिनाभर घालायला सांगितले आहे. दोन्ही जिभेवर तयार होती. तोंडातून आले ते असे:

"आवडतं म्हणून."

बाकीच्या बायका थांबल्या. गोदूवहिनीने बाही सोडली. मला वाटले, ती बोलेल. पण तिचे तोंड एकदम लहान मुलीसारखे झाले. भटजी गाभाऱ्यात होते, त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही. मी उरलेल्या प्रदक्षिणा घातल्या. बोटांवर मोजत. चुकली एकही नाही.

माघ वद्य ३

काल रात्री लिहिल्यावर वाटले, बापूला आधी मीच सांगावे. पण तो सकाळी बाजारात गेला आणि येईपर्यंत त्याला सगळे कळले होते.

मी त्याला पान वाढले. मऊ भात, मेतकूट, वर तूप. मी पलीकडे बसले. बराच वेळ तो नुसता भात कालवत राहिला.

"भटजी भेटले वाटेत," म्हणाला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. रामराम घेतला आणि पुढे गेले."

परवा श्राद्ध. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असेही नाही. मी म्हटले, "बापू, काढून ठेवते मी. वडिलांचं आहे. तुझा इतक्या वर्षांचा नेम आहे." मी खरेच काढून ठेवली असती. आणि मला फार वाईटही वाटले असते.

त्याने भात संपवला, ताक घेतले. मग भिंतीला टेकून बसला आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "अक्का, तुला आणखी काय काय आवडतं?"

मी ताकाचे भांडे झाकले. चिंचोके म्हणणार होते, पण ते त्याला माहीत आहेत. आई गेल्यापासून हे कोणी विचारले नव्हते. मी ताट उचलायच्या निमित्ताने उठले.

"उद्या सांगते," म्हटले.

"बरं. सावकाश सांग."

आता ओटीवर बसून लिहिते आहे. ऊन उतरले आहे, पलीकडच्या शेतातून गवताचा वास येतो. भटजी येतील की नाही, ठाऊक नाही. मनात मात्र सकाळपासून तेच चालले आहे, काय आवडते, काय आवडते. पुष्कळ काही असावे असे वाटते.