सर्वपित्रीची कोंबडी

रेडमंड, २९ ऑगस्ट २०२५

ती. मीनाक्षीआत्यास,

स्वानंदीचा सा. न. वि. वि. फोनवर आपलं भांडण होतं आणि ईशानदादा मधे पडून फोन काढून घेतो, म्हणून हे कागदावर. बाबा आणि तू आयुष्यभर पत्रांतूनच भांडलात, घराण्याची रीत मोडायला नको.

बातमी अशी की मी नोकरी शोधणं थांबवलंय. लेऑफनंतर इंटरव्ह्यू देऊन देऊन वीट आला. शेजारची शू-फेन आणि मी तैवानी फ्राइड चिकनचा स्टॉल टाकतोय. बाबा मशीनच्या ट्रेनिंगला ताइचुंगला गेले होते, तेव्हा रस्त्यावर उभं राहून कागदी पिशवीतून काडीने टोचून खायचे, तेच. तुला त्याचं वर्णन पाठ असेल. छोटे तुकडे लसूण-सोयात मुरवायचे, रताळ्याच्या पिठात घोळवून दोनदा तळायचे, वर पांढरी मिरी. बाबांनी पुण्यात आईचं उपासाचं पीठ वापरून ते करून पाहिलं होतं आणि आईने आठवडाभर अबोला धरला होता. शेवटी त्याच तेलात मूठभर बेसिल सोडायचं. तू तुळस तळतेस म्हणून ओरडायच्या आत सांगते, ती सब्जाची जात आहे, वृंदावनातली नव्हे.

आता अडचण. इथल्या नाइट मार्केटमधे एक जागा रिकामी झालीये, पण एकवीस सप्टेंबरपासूनच. त्या दिवशी उभे राहिलो नाही तर जागा दुसऱ्याला जाईल आणि पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसावं लागेल. एकवीसला सर्वपित्री अमावास्या आहे, मला माहीत आहे. शू-फेनची आईसुद्धा नाहीच म्हणते. त्यांच्याकडे हा महिना मेलेल्यांचा, ते उपाशी फिरत असतात, नवा धंदा कुणी काढत नाही. म्हणजे तुम्हा दोघींनी एकमेकींना न पाहता एकच नन्नाचा पाढा लावलाय.

मी जागा घेतली आहे. तुझा आशीर्वाद हवाय, आत्या. परवानगी मागत नाहीये.

लोभ असू दे, रागासकट चालेल.

तुझी,
स्वानंदी

जर्सी सिटी, ६ सप्टेंबर

चि. स्वानंदीस,

अनेक आशीर्वाद. गणपती घरात असताना भांडायचं नव्हतं, म्हणून थांबले. आज विसर्जन झालं.

कोंबडीला माझी हरकत नाही, आपण काही माळकरी नव्हे. इंजिनियर झालेली पोरगी तळण तळणार, तेही मी गिळीन. पण पितृपंधरवड्यात आपण साधं नवं पातेलं घरात आणत नाही, आणि तू धंदा मांडणार? तेही सर्वपित्रीला? त्या दिवशी तुझ्या बाबाचं पान वाढायचं असतं. अरुण तुझा बाप असेल, पण माझ्या पाठीवरचा भाऊ होता. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत गेले आहे. त्याच्या पानाच्या दिवशी त्याची मुलगी बाजारात उभी राहून कोंबड्या तळणार, हे मला सोसणार नाही.

शू-फेनची आई शहाणी बाई दिसते. तिला माझा नमस्कार सांग.

तू हट्टी आहेस कारण अरुण हट्टी होता, आणि त्याला लाडावून हट्टी मीच केलं. तरीही सांगते. त्या रविवारी तेल तापवलंस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. लिहिलंस तरी मी उत्तर देणार नाही.

देवदत्तला आशीर्वाद. नवरा म्हणून तो तुला काही बोलतो की नुसताच मान हलवतो?

तुझी,
आत्या

रेडमंड, २३ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. लिहू नकोस म्हणालीस, मी लिहितेय. उत्तर देणं न देणं तुझ्याकडे.

तेल तापवलं. ओलं बेसिल तेलात पडलं की फटाक्यांची माळ लागते, म्हणून देवदत्त स्कीइंगचा गॉगल घालून उभा होता. हो, मानच हलवत होता. लोक हसले आणि हसता हसता लायनीत उभे राहिले.

मार्केट सुरू व्हायच्या आधी शू-फेनची आई आली. मला वाटलं, आता भर रस्त्यात तमाशा. ती बराच वेळ शू-फेनवर करवादली, मग घरून आणलेलं टेबल उघडलं, उदबत्त्या लावल्या आणि आम्हाला बजावलं की पहिला घाणा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तो त्यांचा. ज्यांना वाढायला मागे कुणी उरलं नाही, त्यांचासुद्धा.

मी शेजारी बाबांचं पान वाढलं. केळीचं पान नव्हतं, कागदी डिश होती. वरणभात सकाळीच करून नेला होता, तो वाढला आणि त्यावर पहिल्या घाण्यातली कोंबडी. आत्या, मी खूप रडले. कावळ्याची वाट पाहिली. इथे कावळ्यांना तोटा नाही, पण आला सीगल. डिश उलटी केली, कोंबडी घेतली, वरणभाताकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यावर मला इतकं हसू फुटलं की काही विचारू नकोस.

मंडळाच्या रेखाकाकू आल्या होत्या. आजच्या दिवशी हे शोभत नाही म्हणाल्या, फोटो काढला आणि गेल्या. तो एव्हाना तुझ्यापर्यंत पोचला असेल. माल अंधार पडायच्या आत संपला. जागा आता आमची. पुढच्या सर्वपित्रीलाही मी तिथेच असेन.

तुझ्या रागाची धनी,
स्वानंदी

जर्सी सिटी, ३० सप्टेंबर

चि. स्वानंदी,

आशीर्वाद. उत्तर देणार नाही म्हटलं होतं, आणि हे उत्तर नाही. मला लिहावंसं वाटलं म्हणून लिहिते आहे.

फोटो पोचला. परवा शैलजाकडे हळदीकुंकू होतं, तिथे तो या हातातून त्या हातात फिरला. शेवटी माझ्याकडे आला. मग शैलजाने गोड आवाजात विचारलं की मीनाक्षीताई, तुमच्या भाचीला घरचं वळण नाही का.

मी त्या दिवशी अरुणचं पान केलं होतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, काही कमी नव्हतं. बाल्कनीत ठेवलं. ईशान म्हणाला, आई, बिल्डिंगवाले दंड करतील, पक्ष्यांना घालायला बंदी आहे. मी म्हटलं, करू देत. दंड कुणी केला नाही. पक्षीही कुणी आला नाही. संध्याकाळपर्यंत उभी होते. काचेची भिंत आणि वारा. शेवटी पान मी आत आणलं आणि झाकून ठेवलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शैलजाला मात्र मी उत्तर दिलं. कुंकवाची कोयरी हातात होती, ती खाली ठेवून दिलं.

"माझा भाऊ त्या दिवशी माझ्या दारी आला नाही. तो लेकीच्या गाडीवर जेवला. ज्या कुणाला ते वळण पटत नसेल, तिने यापुढे माझ्या घरी कुंकवाला येऊ नये."

मी ओटी घेतली आणि घरी आले.

तुझी,
आत्या