चुन्याचा रंग वाळेपर्यंत

आमोणे

प्रिय सेजल,

काल फोनवर तू सरळच विचारलंस, बाबा, घर विकायला काढलंत का? विचारताना तुझा आवाज असा बसला, की मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. हे श्रद्धाचं काम. तुझ्या त्या चुलत बहिणीला आमच्या दारात घमेलंभर चुना दिसला, की त्यामागे दिल्लीवालं गिऱ्हाईक दिसायला लागतं. तर आधी एवढं नीट वाच. तुझं घर मी विकत नाही, कुणी सोन्याने मढवून दिलं तरी नाही. पण चवथीच्या गणपतीला रंगवलेलं घर मी जानेवारीत पुन्हा का रंगवतोय, हे तू पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी दर वेळी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. तोंडाने बोलायचं धाडस होत नाही, म्हणून कागद घेतलाय.

सुरुवात अगदी साधी होती. चवथीच्या आधी दुकानदाराने रंगांचं पुस्तक दाखवलं आणि मी भुललो. आपल्या चिऱ्याच्या भिंती, वर मातीचा गिलावा, तुझ्या पणजोबांपासून त्याला चुनाच लागत आलेला. त्यावर मी तो चकाकणारा प्लास्टिकचा रंग थापला. पावसाळ्याची ओल आत कोंडली आणि दिवाळीपर्यंत सोप्यावर बसलेल्या माणसाच्या चहात रंगाचे पापुद्रे पडू लागले. शेवटी धारगळच्या गौरेश रंगाऱ्याला बोलावलं. त्याने हसू दाबत सगळ्या भिंती खरवडल्या आणि पिंपात चुना भिजत घातला.

आणि गावात बोभाटा झाला. आपल्याकडे घराला रंग लागतो तो चवथीला, नाहीतर लग्नाला; तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही. चवथ तर होऊन गेली. म्हणजे लग्न, आणि घरात लग्नाची एकच मुलगी, म्हणजे तुझंच. मांडववाला साईश टेप घेऊन अंगण मोजून गेला. पाव विकणाऱ्या पोदेराने सायकल थांबवून विचारलं, लग्नाला उंडे किती लागतील. शेजारची वत्सला तर माझ्यावर रुसली, मुलगा कोण ते तिला आधी सांगितलं नाही म्हणून. मी ओलीचं सांगायचो आणि लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे. मी संतापलो, पण माझ्या संतापाला गावात कोण भीक घालतो, हे तुला माहीतच आहे.

ही बातमी डिचोलीपर्यंत गेली आणि एका दुपारी तुझ्या शाळेतल्या कमलाक्षीबाई दारात उभ्या राहिल्या. ज्यांनी तुझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्याच. निवृत्त झाल्यापासून त्या डिचोलीला भावाकडे असतात, लग्न त्यांनी केलंच नाही. तुझ्यासाठी साडी घेऊन बसने आल्या होत्या. मी शिडीवर, नाकाला नीळ लागलेली. लग्न कुणाचंच नाही, हे कळल्यावर त्या सोप्यावर बसून पोटभर हसल्या. मग साडी पिशवीत परत ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, की निळा फारच गडद झालाय. आता चुन्याच्या रंगाचं असं असतं, की ओला असताना तो एक दिसतो आणि वाळल्यावर भलताच फिका होतो. खरा रंग दुसऱ्या दिवशीच कळतो. तो बघायला त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

मग ते रोजचंच झालं. आज थोडी नीळ वाढवायची, एक पट्टा मारायचा, उद्या वाळल्यावर बघायचं. सोप्याची भिंत निळ्या पट्ट्यांनी भरून गेली. चहा पिता पिता आम्ही तुझ्या आईबद्दल बोलायचो. पौषात बायकांच्या धालोच्या मांडावर ती आणि बाई एकाच रांगेत नाचायच्या, ते मला ठाऊकच नव्हतं. रुक्मिणी गेल्यापासून मी या घरात तिचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं, सेजल. ते घेता आलं आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सकाळी दाढी करताना मी गुणगुणायला लागलो. गौरेशने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याचं काम उगाचच सावकाश चालायला लागलं.

मनासारखा रंग तर केव्हाच मिळाला होता. तरी मी आपला रोज म्हणायचो, किंचित फिका वाटतो. परवा कमलाक्षीने चहाची कपबशी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"सगुणबाब, रंग पयल्याच दिसा बरो आशिल्लो. म्हाका रोज कित्याक आपयतात, तें सांगात."

गौरेश शिडीवरून उतरून विहिरीवर हात धुवायला निघून गेला. तिला रोज का बोलावतो, ते मी अडखळत का होईना, पण सगळं सांगितलं. ती येते त्या दिवशी मला भूक लागते, हेसुद्धा सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. चेहरा हसरा होता, पण डोळे भरले होते.

"सेजलाक विचारल्याबगर हांव परत ह्या घरांत पांय घालची ना," असं म्हणून ती बस पकडायला गेली. त्यानंतर आलेली नाही.

आईची जागा रिकामी नाही आणि ती कुणी भरावी असं कमलाक्षीच्याही मनात नाही. तुझी खोली तुझीच आहे, घरही तुझंच राहील. तू नको म्हणालीस तर विषय इथेच मिटला, मी रुसणार नाही, तीही नाही. पण लग्न ठरवायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायची आपली रीत. माझे आईवडील नाहीत, काका गेले, तुझी आई गेली. सगळीकडे बघितलं बाय, या घरात मोठं माणूस आता तूच उरलीस. म्हणून तुला विचारतो, मी लग्न करू?

उत्तर येईपर्यंत जेवणावर लक्ष नसलेला,
तुझाच
बाबा